जाड बाजू खाली

“ही जाड बाजू खाली कशी आली? बोला ना, आता का तोंड शिवलं?”

मॅडमच्या हातात चहाच्या ऑर्डरची चिठ्ठी होती. मेलेलं झुरळ मिशीला धरून उचलावं तशी दोन बोटांच्या चिमटीत त्यांनी ती धरली होती. चिठ्ठीवर ‘बिनसाखर तीन, साखरेचे चार’ असं लिहिलेलं आणि त्याच्यावर एक तपकिरी गोल. वरती बारीक, जवळजवळ तुटलेला. खाली जाड.

“चहाचा डाग आहे मॅडम,” रेडिओ म्हणाला.

“मला डाग कळत नाही?”

“कळत असेल. पण कप ठेवला की गोल उमटणारच. चौकोनी कप अजून कुणी काढलेले नाहीत.”

हे शेवटचं त्याने गिळायला हवं होतं. पण गिळता येत असतं तर लोकांनी त्याला रेडिओ कशाला म्हटलं असतं?

“बघा, वर तोंड करून जोक मारताहेत!” मॅडमचा आवाज चढला. तळमजल्यावरच्या त्या पँट्रीत दोघांशिवाय कुणी नव्हतं, पाण्याचा बॉयलर तेवढा घुरघुरत होता. “तुम्ही तिकडचं इकडे आणताय. डाव्या खोलीत पाहिलंत आणि आमच्या चिठ्ठीवर काढून ठेवलंत. कुणी सांगितलं तुम्हाला? त्या दाढीवाल्याने?”

“मला पेन धरायला फुरसत आहे का मॅडम? सकाळपासून बत्तीस कप विसळलेत.”

“चला साहेबांकडे.”

“चला. मी काय पळून चाललोय?”

हे तो तोऱ्यात म्हणाला खरा, पण डोळ्यांपुढे दहा तारीख होती. अकरा वर्षं तो त्या संस्थेत शिपाई होता, कंत्राटावर. दहा तारखेला कायम होणाऱ्यांची यादी लागणार होती, आणि यंदा तिच्यात त्याचं नाव होतं. मोठ्या साहेबांची सही झाली की झालं. कायम झाला की घरच्यांच्या दवाखान्याचा खर्च संस्थेकडे. बायकोचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून गेलेला. जिना ती खेकड्यासारखी आडवी चढायची, आणि कुणी बघतंय असं दिसलं की मध्येच थांबून पिशवीत काहीतरी शोधल्याचं सोंग करायची.

आता तो डाग एवढा का झोंबला, ते सांगायला हवं.

पहिल्या मजल्यावर कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन खोल्या होत्या, डावी आणि उजवी. दोन्ही खोल्यांत एकाच गोष्टीचा फोटो बनत होता. कसला, ते डाव्या खोलीतल्या दाढीवाल्याने रेडिओला समजावलं होतं. दाढीवाला तिथला सगळ्यात तरुण. दाढी त्याने वाढवलेली नव्हती, कामात ती आपोआप वाढली होती.

“रेडिओकाका, आपली आकाशगंगा कशी चकतीसारखी आहे, तिला वळणदार हात आहेत. ही दीर्घिका तशी नाही. ना हात ना पाय. नुसता लांबटगोल गोळा, म्हाताऱ्या ताऱ्यांचा. अवाढव्य. आणि तिच्या बरोबर मधोमध कृष्णविवर. साडेसहाशे कोटी सूर्यांचं वजन एका जागी.”

“एवढं मोठं, मग दिसत का नाही?”

“उजेड आत गेला की बाहेर येतच नाही ना. पण भोवती तापलेला वायू गरगरतो, तो चमकतो. म्हणजे मध्ये काळं आणि भोवती कडं. वायूची जी बाजू आपल्याकडे येते ती जास्त उजळ, म्हणून तिथं कडं जाड दिसणार. कुठली बाजू, ते अजून कुणालाच माहीत नाही.”

“मग काढा की फोटो. अडलंय कुठं?”

“कॅमेऱ्याने थोडाच निघतो! जगभरातल्या डोंगरांवर मोजक्या अँटेना आहेत. फाटलेल्या पत्राचे चार तुकडे हातात, बाकीचं पत्र आपण जुळवायचं, असं आहे ते. आणि इथंच भीती. सगळ्यांना आधीपासून कडंच हवंय. ज्याला कडं हवंय तो ओढूनताणून कडं काढणारच. म्हणून दोन खोल्या. एकमेकांशी अवाक्षर नाही. सतरा तारखेला दोन्ही चित्रं शेजारीशेजारी ठेवायची. सारखी निघाली तर खरं. पण त्याआधी एका खोलीचं दुसऱ्या खोलीला कळलं तर संपलं. दोन वर्षांचं काम कचऱ्यात.”

तेव्हापासून त्या मजल्यावर सगळे एकमेकांकडे चोराकडे बघावं तसं बघायचे. दारांच्या काचांना आतून कागद चिकटवले. कागद कातरायची मशीन दोन, कचऱ्याचे डबे दोन. एका लिफ्टमध्ये दोन खोल्यांची माणसं चढायची नाहीत. हात धुताना शेजारी कुणी आलं की साबण तसाच ठेवून माणूस निघून जायचा. आणि या सगळ्यात दोन्ही खोल्यांत जाणारा माणूस एकच. चहा देणारा, टेबलं पुसणारा. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा, रेडिओ.

कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बदली लागली, साहेबांच्या गाडीला कुणी घासलं, हे सगळं दुपारच्या चहाबरोबर तो मजल्यामजल्यावर वाटायचा. उजव्या खोलीच्या मॅडमना त्याचा संशय आला यात त्यांची काही चूक नव्हती. वैताग एवढाच, की तो अर्धा खरा होता.

बारा दिवसांपूर्वी रेडिओ डाव्या खोलीत कपाटाची काच पुसत होता. मागे दाढीवाला फोनवर बोलत बाहेर गेला आणि स्क्रीन झाकायचं विसरला. रेडिओने मागे वळून पाहिलं नाही. शपथेवर सांगतो, नाही वळला. पण पुसलेल्या काचेत स्क्रीन उमटला. काळ्यात काळं, आणि त्याच्याभोवती भगवट-पिवळं कडं, शेगडीची कॉइल तापावी तसं. खालची बाजू जाड.

काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. वर-खाली उलटं दिसत नाही.

त्याने काच पुन्हा एकदा पुसली, विनाकारण. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दुपारी चहाबरोबर बातमी गेली नाही.

आता साहेबांच्या खोलीचा जिना चढताना मध्येच त्याचा पाय थांबला. मॅडम काय म्हणाल्या होत्या? जाड बाजू खाली कशी आली. म्हणजे त्यांच्याकडे पण खालीच निघालीय. नाहीतर एवढ्या कशाला भडकतील? नुसता डाग म्हणून चिठ्ठी फेकून दिली असती.

म्हणजे दोन्हीकडे सारखंच.

अख्ख्या जगात हे माहीत असलेला माणूस एकच, आणि त्याच्या खांद्यावर पोतेरं.

“चढा ना,” मागून मॅडम म्हणाल्या. “का पाय जड झाले?”

मोठे साहेब दोन्हीपैकी कुठल्याच खोलीचे नव्हते. दोन्ही चित्रं त्यांनाही सतरालाच पहिल्यांदा दिसणार होती. त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली, उजेडाला धरली, हुंगलीसुद्धा.

“काय रे हे?”

“चहा आहे साहेब.”

“कशावरून?”

या लोकांना ताटात वाढलेलं पण सिद्ध करून लागतं. रेडिओ खाली गेला आणि ट्रे घेऊन आला. त्या ट्रेचा एक कोपरा तीन वर्षांपूर्वी जिन्यात आपटून वाकलेला, त्यामुळे त्यात सांडलेलं सगळं एकाच बाजूला ओघळायचं. नवा मागितला तर स्टोअरवाल्याने ‘गळतोय का?’ असं विचारलं होतं. साहेबांच्या टेबलावर त्याने ट्रे ठेवला, ट्रेमध्ये कोरी चिठ्ठी ठेवली, वर ओला कप. थोडं थांबला, कप उचलला. गोल. वरती बारीक, खाली जाड.

“परत,” साहेब म्हणाले.

परत तेच. तिसऱ्यांदा पण तेच.

“चहा आहे,” साहेबांनी निकाल दिला.

मॅडमचा चेहरा पडला. “पण सर, इतकं हुबेहूब... म्हणजे आमच्या...” आणि त्या जीभ चावून थांबल्या.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, तुमच्या खोलीत काय निघालंय ते आता याला कळलं. आणि मलाही. कुणी सांगितलं? तुम्ही.”

पँट्रीत आवाज चढवणाऱ्या मॅडम आता सँडलच्या पट्ट्याकडे बघायला लागल्या. रेडिओला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

“असू दे,” साहेब म्हणाले. “उजव्या खोलीचं याला कळलं, तरी याने डाव्या खोलीचं काही पाहिलं नसेल तर कुणाचं काही बिघडत नाही. माझं मी बघतो. रेडिओ, तू एवढं लिहून दे.”

त्यांनी कीबोर्डवर दोन ओळी बडवल्या, कागद काढला, पुढे सरकवला. ‘डावीकडील खोलीतील कोणतेही चित्र मी पाहिलेले नाही.’ खाली सहीची जागा.

“हा कागद कामाच्या फायलीत लागेल. उद्या जगातून कुणी विचारलं की या दोन खोल्यांत काही गळालं होतं का, तर हा दाखवायचा. कर सही. मी तुझी करतो.” आणि साहेबांनी ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. कायम होणाऱ्यांची यादी. चौथं नाव त्याचं.

दोन कागद, दोन पेनं. रेडिओने आपल्या वाट्याचं उचललं.

खोटं तो काही पहिल्यांदा बोलणार नव्हता. कंत्राटदाराकडून सुटी काढायला त्याने एकच काका तीन वेळा मारला होता. बायकोला तर रोज एक. सही म्हणजे तरी काय, तीन अक्षरं आणि खाली एक रेघ. पण ती फाइल त्याने पुसताना उचललेली होती, दोन हातांनी उचलावी लागायची एवढी जाड. दोन खोल्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे न बघता, साबण तसाच टाकून, खपून केलेलं काम. त्यात एकच कागद खोटा. आणि तोच पुढे करून म्हणायचं, बघा, सगळं खरं आहे.

त्याला एकदम राग आला. कुणाचा, ते त्यालाच कळेना. त्या दाढीवाल्याला स्क्रीन झाकायला काय झालं होतं?

त्याने पेन खाली ठेवलं.

“मी सही नाही करत साहेब.”

“म्हणजे पाहिलंस.”

“मी तसं काही म्हणालो नाही.”

“काय पाहिलंस?”

“विचारू नका. मी सांगितलं, तर सतराला तुम्ही काय करणार?”

साहेबांनी बिनसहीचा कागद परत ओढून घेतला. आणि मॅडम त्याच्याकडे बघायला लागल्या. रागाने नाही. अधाशासारख्या. रेडिओच्या लक्षात आलं, या तोंड वाचताहेत. सारखं आहे की वेगळं, एवढंच त्यांना त्याच्या तोंडावर शोधायचं होतं. आणि त्याचं तोंड म्हणजे उघडं दुकान, हे बायको लग्नापासून सांगत आलीय.

तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वर्गात शिक्षा झाल्यासारखा. पुढ्यात कॅलेंडर होतं. तो तारखा मोजत राहिला.

“रेडिओ, इकडे तोंड कर.”

“नको साहेब. मॅडम बाहेर गेल्या की करतो.”

दार वाजलं. सँडलचा आवाज लांब गेला. मग तो वळला, तर साहेबांनी पट्टी घेतली होती. चौथ्या नावावर पट्टी ठेवून त्यांनी सरळ रेघ ओढली. या लोकांना वाकडी रेघ चालत नाही.

“चौकशी बाकी असली की नाव पुढच्या यादीत जातं. नियम आहे,” साहेब म्हणाले. त्याच्याकडे न बघताच म्हणाले. “आणि सतरापर्यंत वर यायचं नाहीस. गेटजवळच्या स्टोअरला बस.”

“पुढची यादी कधी?”

“मलाही माहीत नाही रे.”

संध्याकाळी घरी बायको गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसली होती. त्याने डबा मोरीत ठेवला, चपला जागेवर लावल्या, आणि बसला. टीव्ही लावला नाही.

“कोण आहे ती?” बायको म्हणाली.

“कोण?”

“ते मला विचारता? बारा-तेरा दिवस झाले, तुम्ही घरात बोलत नाही. पूर्वी साहेबांच्या कुत्र्याला जुलाब झाले तरी मला कळायचं. आता विचारलं काय नवीन, तर म्हणे काही नाही. तुमचं ‘काही नाही’ मी पंचवीस वर्षांत ऐकलेलं नाही. सदरा हुंगला मी, वासबिस काही नाही. म्हणजे हुशार आहे.”

“अगं, वेडी का तू? या वयात?”

“या वयातच होतं ते.”

“कुणी नाही. एक गोष्ट आहे. सतरा तारखेनंतर सांगतो.”

“तारीख पण ठरलीय?” पिशवी गुडघ्यावरून घसरली. “काय आहे सतराला? कुठं जायचंय दोघांना?”

रेडिओला हसू आलं आणि त्याच वेळी हंबरडा फोडावासा वाटला. सांगून टाकलं तर काय होणार होतं? ही काय दुर्बिणीतून बघणाऱ्यांत जाऊन बसणार होती? पण हिला सांगितलं की शेजारणीला गेलं, शेजारणीचा भाऊ संस्थेची गाडी चालवतो. बातमी कशी चालते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. अख्खी वाट त्यानेच पाडलेली.

“यादीत नाव नाही लागायचं या खेपेला,” तो म्हणाला.

“का?”

“ते पण सतराला.”

“काय केलंत तुम्ही?”

“काहीच केलं नाही गं. तेच तर.”

तिने पिशवी उचलली, परत गुडघ्यावर ठेवली. पाणी गार झालं होतं, तरी ठेवली. जेवताना तिने त्याला वाढलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

दहाला यादी लागली. चौथ्या जागी पंपवाल्याचं नाव. पंपवाला पेढे घेऊन स्टोअरपर्यंत आला आणि दाराशी घुटमळून परत गेला. गेटवरचा वॉचमन, ज्याच्याबरोबर रेडिओ अकरा वर्षं तंबाखू मळत आला, तो आता रेडिओ जवळ आला की फोन काढायचा. स्टोअरमध्ये बसल्याबसल्या त्याच्या कानावर त्याचीच बातमी यायची. कधी त्याने कागद विकला होता, कधी डिस्क. एकदा तर परदेशातून त्याला पैसे आले होते. गोष्ट नीट रंगवलेली नव्हती, त्याने स्वतः सांगितली असती तर जास्त चांगली सांगितली असती. दाढीवाला एकदा गेटमधून जाताना दिसला. रेडिओने हात केला. दाढीवाल्याने खिशात किल्ल्या शोधल्या, बायको जिन्यात पिशवीत काहीतरी शोधते तसं, आणि पुढे गेला.

रेडिओ बल्ब मोजायचा, फडक्यांच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावायचा. नवा ट्रे त्याला तिथंच सापडला, वरच्या फळीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तीन वर्षं तिथंच पडून होता. त्याने तो काढून पँट्रीसाठी पाठवून दिला.

सतराला चार वाजल्यापासून सगळे वरच्या हॉलमध्ये होते. गेटवर पण कुणी नव्हतं. रेडिओने स्टोअरचा दरवाजा उघडा ठेवला आणि खुर्ची उंबऱ्यात ओढली. सव्वापाच झाले. काहीच नाही. काचेत पाहिलं ते चुकीचं असेल तर? किंवा त्यानंतर डाव्या खोलीने बदललं असेल तर? मॅडमचं ते नुसतं कालपरवाचं असेल, आणि पुढे वरची बाजू जाड निघाली असेल तर? मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला तो कशासाठी?

आणि मग वरून टाळ्या आल्या. आधी दोन-चार, बिचकत. मग धो धो. कुणीतरी शिट्टी मारली, त्या इमारतीत शिट्टी त्याने पहिल्यांदा ऐकली.

रेडिओ उठला. डबा पिशवीत घातला, स्टोअरला कुलूप लावलं, ते दोनदा ओढून पाहिलं.

“अहो, थांबा! थांबा जरा!”

मॅडम पळत येत होत्या, एक सँडल हातात, पट्टा तुटलेला. डोळे लाल. “सारखं निघालं,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “दोन्ही खोल्यांचं. तंतोतंत. जाड बाजू खाली. मी... त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले...”

“चहा होता मॅडम तो.”

“हो. चहाच होता.” त्या हसल्या आणि नाक पुसलं. “मी साहेबांशी बोलते. तुमच्या फायलीचं. आजच बोलते.”

“बोला.”

“आणि चला ना वर. सगळे आहेत. मोठ्या पडद्यावर लावलंय. तुम्ही पण बघा एकदा.”

“पाहिलंय मी.”

मॅडमच्या हातातली सँडल तशीच लोंबत राहिली. त्या त्याच्या तोंडाकडे बघायला लागल्या, त्या दिवशी बघत होत्या तशाच, आणि या खेपेला तो वळला नाही. बघू दिलं.

“म्हणजे त्या दिवशी तुम्हाला दोन्ही...”

“पाच चाळीसची बस आहे मॅडम,” रेडिओ म्हणाला आणि त्याने पिशवी खांद्याला लावली. “बायको स्टॉपवर येऊन थांबते म्हणाली होती. गुडघा दुखतो तिचा, जास्त उभं राहवत नाही. आणि तिला एक गोष्ट सांगायचीय. निघतो मी आता.”